तीन हजारांची खोली, सहा हजारांची खोली आणि आपला मेडिक्लेम

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय आहे हॉस्पिटलचं बिल. आणि त्यातही एक नेमका प्रश्न. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, ऑफिसात डबा खाताना, कुठेही हा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अहो, मेडिक्लेम होता की आमचा! तरी सत्तर-ऐंशी हजार खिशातून गेले." आणि त्याच्या मागोमाग, "हे विमावाले सगळे सारखेच."

आता कंपन्या क्लेम अडवतात, कापतात, हे होतंच. त्याबद्दल शेवटी बोलू. पण पुष्कळदा हे सत्तर-ऐंशी हजार कुठे जाणार, हे ॲडमिशनच्या काउंटरवर पहिल्या पाच मिनिटांत ठरून जातं. आणि ठरवणारे आपणच असतो. फक्त आपण काय ठरवतोय हे त्या वेळी कुणी सांगत नाही. ते आज सांगायचंय.

आधी एक आकडा सांगतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, २०२१-२२ मध्ये देशात आरोग्यावर जेवढा खर्च झाला, त्यातला ३९.४ टक्के लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. २०१३-१४ मध्ये हेच प्रमाण ६४.२ टक्के होतं. म्हणजे कमी झालंय, चांगलं आहे. पण अजूनही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये कुणाची तरी एफडी मोडून, पतसंस्थेचं कर्ज काढून किंवा बांगड्या गहाण ठेवून आलेले असू शकतात. त्यामुळे विमा हवा की नको, हा वाद मी आज घालणार नाही. हवाच. पण घेतलेला विमा कामाला कसा येतो आणि कुठे येत नाही, ते बघू. त्यासाठी आपण एक बिलच उघडूया.

एक बिल, ओळीओळीने

हे बिल मी समजण्यासाठी तयार केलंय, कुणा खऱ्या पेशंटचं नाही. आकडे सोपे ठेवलेत. गाडी चालवत असाल तर नुसतं ऐका, घरी गेल्यावर वाचा.

समजा एका काकूंच्या पित्ताशयात खडे आहेत. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलंय. चार दिवस हॉस्पिटलमध्ये. घरचा मेडिक्लेम तीन लाखांचा. मुलगा ॲडमिट करायला घेऊन आलाय. काउंटरवरची बाई विचारते, "रूम कुठली देऊ?" जनरल वॉर्ड आहे, दोघांत एक खोली आहे दिवसाला तीन हजारांची, आणि स्वतंत्र खोली आहे सहा हजारांची. मुलगा म्हणतो, "आईला स्वतंत्रच द्या, इन्शुरन्स आहे." आईसाठी कुणीही हेच म्हणेल.

चार दिवसांनी बिल येतं:

खोली, सहा हजारांप्रमाणे चार दिवस: २४,०००
सर्जन, असिस्टंट आणि भूलतज्ज्ञ: ७०,०००
ऑपरेशन थिएटर: ३०,०००
डॉक्टरांच्या व्हिजिट आणि नर्सिंग: १६,०००
औषधं: २८,०००
तपासण्या: १४,०००
हातमोजे, मास्क, नोंदणी फी, सोबतच्या माणसाचं जेवण वगैरे: ८,०००

एकूण एक लाख नव्वद हजार. विमा तीन लाखांचा. मुलाच्या मनात हिशोब सरळ आहे, सगळं बसतंय.

पण पॉलिसीत एक ओळ आहे. खोलीचं भाडं विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंत. तीन लाखांचा एक टक्का म्हणजे दिवसाला तीन हजार. घेतलेली खोली सहा हजारांची. ठीक आहे, मुलगा म्हणतो, वरचे तीन हजार गुणिले चार, बारा हजार मी भरतो.

तर इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही. ती म्हणते, तुम्हाला हक्क होता तीन हजारांच्या खोलीचा, तुम्ही घेतली दुप्पट भाड्याची. म्हणजे हक्काच्या प्रमाणात तुमचा वाटा पन्नास टक्के. आणि हे पन्नास टक्के खोलीपुरते राहत नाहीत, सर्जनच्या फीला लागतात, भूलतज्ज्ञाला लागतात, थिएटरला लागतात, व्हिजिटला लागतात. याला म्हणतात प्रमाणशीर कपात. टीपीएच्या पत्रात "प्रपोर्शनेट डिडक्शन" असं लिहिलेलं दिसेल, ते हेच.

आता पुन्हा हिशोब करू. खोलीचे मिळाले बारा हजार. सर्जन, थिएटर, व्हिजिट मिळून एक लाख सोळा हजार होते, त्याचे निम्मे, अठ्ठावन्न हजार. औषधं आणि तपासण्या पूर्ण मिळाल्या, बेचाळीस हजार. शेवटच्या ओळीचे आठ हजार, शून्य. एकूण मिळाले एक लाख बारा हजार. खिशातून गेले अठ्ठ्याहत्तर हजार.

आणि तीन हजारांची खोली घेतली असती तर? मुळात बिलच कमी आलं असतं, कारण अशा हॉस्पिटलांत खालच्या खोलीला सर्जनची फीसुद्धा कमी लागते. आणि खिशातून गेले असते ते शेवटच्या ओळीचे आठ हजार.

म्हणजे बघा. मुलाला वाटलं तो बारा हजार जास्त देतोय. प्रत्यक्षात त्या एका "हो, स्वतंत्रच द्या" ची किंमत झाली सत्तर हजार. ऑपरेशन तेच, डॉक्टर तेच.

मी स्वतंत्र खोली घेऊ नका असं म्हणत नाहीये. घ्या. वयस्कर माणसाला शांतता लागते, सोबतच्याला झोपायला जागा लागते, हे सगळं खरं आहे. पण सत्तर हजार देतोय हे माहीत असून घ्या.

या कपातीलाही नियम आहेत

आता हे ऐकून कुणी घाबरून जाऊ नये, म्हणून दुसरी बाजू सांगतो. ही कपात कंपनीला वाटेल तशी करता येत नाही. विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआय, यांनी २०२० मध्ये याचे नियम घालून दिलेत.

पहिलं, औषधं, इम्प्लांट, वैद्यकीय उपकरणं आणि तपासण्या यांना प्रमाणशीर कपात लावायची नाही. गुडघ्याचा सांधा किंवा हृदयातला स्टेंट सहा हजारांच्या खोलीत महाग होत नाही, तोच असतो. दुसरं, आयसीयूच्या खर्चाला ही कपात नाही. आणि तिसरं, हे लक्षात ठेवाच: ज्या हॉस्पिटलमध्ये खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत, तिथे ही कपात करताच येत नाही. सर्जनची फी जनरल वॉर्डलाही तेवढीच आणि स्वतंत्र खोलीलाही तेवढीच असेल, तर कापणार कशाच्या आधारावर?

छोट्या गावांत, तालुक्याच्या ठिकाणी अशी पुष्कळ हॉस्पिटलं असतात, जिथे डॉक्टर ऑपरेशनचा एकच आकडा सांगतात, खोली कुठलीही घ्या. तिथे क्लेममध्ये प्रमाणशीर कपात झाली असेल, तर हॉस्पिटलकडून लेटरहेडवर एक ओळ लिहून घ्या की आमच्याकडे खोलीनुसार दर बदलत नाहीत. ती जोडून कंपनीला फेरविचाराचा अर्ज करा.

म्हणून काउंटरवर विचारायचे प्रश्न तीन. एक, माझ्या पॉलिसीत खोलीची मर्यादा किती आहे? दोन, खोली बदलली की बाकीचे दर बदलतात का? तीन, प्रत्येक खोलीप्रमाणे खर्चाचा अंदाज लेखी द्याल का? इमर्जन्सीत हे सुचणार नाही, मान्य. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आजच शोधून ठेवायचं.

विमा बिल कमी करतो म्हणजे काय करतो?

आपण म्हणतो विम्यामुळे बिल कमी होतं. खरं तर तो दोन वेगळी कामं करतो.

एक म्हणजे आपल्या वतीने पैसे भरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरं थोडं पडद्यामागचं आहे. कंपनीच्या नेटवर्कमधल्या हॉस्पिटलांशी दर आधी ठरलेले असतात. मोतीबिंदू इतक्यात, ॲपेंडिक्स इतक्यात. कॅशलेसला बिल त्या ठरलेल्या दराने लागतं. तेच तुम्ही आधी रोख भरून नंतर क्लेम करणार असाल, तर दर हॉस्पिटलचा, आणि कंपनी म्हणू शकते, एवढं आम्ही देत नाही. मधला फरक तुमच्याकडे. म्हणून ठरवून केलेलं ऑपरेशन असेल तर शक्यतो नेटवर्क हॉस्पिटल, शक्यतो कॅशलेस, आणि मंजुरी ॲडमिट व्हायच्या आधी.

आणखी एक गोष्ट, जिथे लोक हक्काचे पैसे सोडून देतात. ॲडमिट होण्याआधीचा आणि घरी आल्यानंतरचा खर्च. बऱ्याच पॉलिसींत आधीचे तीस दिवस आणि नंतरचे साठ दिवस, काहींत त्याहून जास्त, त्याच आजाराचा खर्च मिळतो. काकूंची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, नंतरची औषधं, टाके काढायला गेलो ती फी. पण कॅशलेस झालं की आपण म्हणतो, सुटलो. पावत्या कुठल्या तरी पिशवीत राहतात आणि दिवाळीच्या साफसफाईत जातात. एक फाइल करा. प्रिस्क्रिप्शन आणि पावती एकत्र लावा. ठरलेल्या मुदतीत पाठवा.

आणि ते हातमोजे-मास्कचे आठ हजार? पॉलिसीत न मिळणाऱ्या वस्तूंची यादीच असते. आता बऱ्याच कंपन्या थोडा जास्त हप्ता घेऊन त्याही देतात. विकत घेताना विचारा.

घेताना बघायच्या गोष्टी

हा भाग पटकन सांगतो, कारण प्रत्येकावर वेगळा एपिसोड होईल.

को-पे. म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये ठरावीक टक्के तुमचे. ज्येष्ठांच्या पॉलिसीत हे फार दिसतं. वीस टक्के को-पे असेल आणि मंजूर रक्कम दोन लाख असेल, तर चाळीस हजार तुमचे. हप्ता स्वस्त का आहे, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

सुपर टॉप-अप. पाच लाखांच्या पॉलिसीऐवजी पंचवीस लाखांची घ्यायची तर हप्ता जड जातो. त्यापेक्षा पाच लाखांची मूळ पॉलिसी आणि वर पाच लाखांच्या पुढे सुरू होणारा सुपर टॉप-अप, हे बरंच स्वस्त पडतं. पण "सुपर" हा शब्द आहे ना, तो बघून घ्या. समजा घरात जूनमध्ये चार लाखांचा आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा चार लाखांचा खर्च आला. मूळ पॉलिसी पाच देईल. उरले तीन. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो, आठ झाले, म्हणजे वरचे तीन तो देईल. साधा टॉप-अप प्रत्येक क्लेम वेगळा बघतो. चारही पाचपेक्षा कमी, दुसरे चारही कमी. तो काहीच देणार नाही.

हप्त्याबद्दल एक दिलासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी काढून टाकलाय.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. बीपी, शुगर, थायरॉइड, पूर्वीचं ऑपरेशन, जे असेल ते फॉर्मवर लिहा. "लिहू नका, हप्ता वाढेल" असं सांगणारा एजंट क्लेमच्या वेळी तुमच्यासोबत नसतो. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, ती २०२४ मध्ये चारवरून तीन केली. तीन वर्षं थांबणं परवडतं. लपवलेली शुगर हार्ट ॲटॅकच्या वेळी फाइलमध्ये निघाली, तर अख्खा क्लेम जाऊ शकतो आणि पॉलिसीसुद्धा. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की माहिती दिली नाही म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण नाही.

म्हणूनच तब्येत चांगली असताना घ्यायचा असतो विमा. आणि ऑफिसचा विमा आहे म्हणून स्वतःचा न घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, नोकरी सुटली की तो सुटतो, आणि तेव्हा तुमचं वय वाढलेलं असतं.

ज्यांच्याकडे पॉलिसीच नाही

हे खास सांगायचंय, कारण आपले बरेच श्रोते आईवडिलांसाठी ऐकतात, आणि आईवडील गावाला असतात.

महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ही २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं. आधी फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डांपुरतं होतं आणि मर्यादा दीड लाखाची. २०२३ मध्ये सरकारने ती सगळ्या कुटुंबांसाठी खुली करायचं ठरवलं आणि मर्यादा वर्षाला पाच लाख केली. पांढरं कार्ड असलं तरी. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन त्यांच्याकडे जायचं. सगळे आजार यात नाहीत आणि सगळी हॉस्पिटलंही नाहीत, म्हणून आधी विचारा. हेल्पलाइन १५५३८८.

सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांसाठी आयुष्मान भारतचं वेगळं कार्ड आहे, ऑक्टोबर २०२४ पासून. त्याला उत्पन्नाची अट नाही. आई सत्तरच्या पुढे असेल तर आधार घेऊन ते काढून ठेवा, आजारी पडायची वाट बघू नका.

तिसरी गोष्ट, धर्मादाय हॉस्पिटलं. आपल्याकडची अनेक मोठी, चकचकीत हॉस्पिटलं कागदोपत्री धर्मादाय ट्रस्ट आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांपर्यंत असेल तर निर्धन, तीन लाख साठ हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. तिथे समाजसेवा विभाग असतो, त्याला विचारायचं. मात्र ॲडमिट होतानाच. डिस्चार्जच्या दिवशी विचारलं तर "आधी सांगायला हवं होतं" हे उत्तर ठरलेलं.

डिस्चार्जचा दिवस आणि त्यानंतर

सकाळी नऊला डॉक्टर म्हणतात, घरी जा. संध्याकाळी सहा वाजतात, पेशंट कपडे बदलून खाटेवर बसलेला, आणि काउंटरवर एकच उत्तर, "अप्रूव्हल आलेलं नाही." नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्याचे जास्तीचे पैसे लावले, तर ते कंपनीने भरायचे. मात्र हे तीन तास हॉस्पिटलने अंतिम बिल पाठवल्यापासून मोजायचे. म्हणून आधी काउंटरवर शांतपणे विचारा, "फाइल किती वाजता पाठवलीत?" कधी कधी ती पाठवलेलीच नसते.

क्लेम नाकारला किंवा कापला, तर कारण लेखी मागा, पॉलिसीच्या कुठल्या अटीनुसार तेही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. आपल्याकडे त्यांची कार्यालयं मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत. पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. लोक इथपर्यंत जातच नाहीत. "जाऊ दे, पेशंट बरा झाला ना" म्हणून सोडतात. पेशंट बरा झाला हे डॉक्टरांचं काम. पैसे तुमचे आहेत.

तर मंडळी, आज एक काम करा. रात्री जेवण झालं की पॉलिसी काढा. एका कागदावर पाच गोष्टी लिहा: खोलीची मर्यादा, को-पे किती, कुठल्या आजाराला किती थांबायचं, जवळचं नेटवर्क हॉस्पिटल आणि टीपीएचा नंबर. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाका. कारण ॲडमिट करायची वेळ येते तेव्हा पॉलिसी ज्याने घेतली तोच पुष्कळदा स्ट्रेचरवर असतो, आणि काउंटरवर उभा राहतो तो दुसराच कुणीतरी. त्याला "रूम कुठली देऊ?" याचं उत्तर माहीत असायला हवं.

भेटूया पुढच्या भागात. तब्येत सांभाळा.